किशोरांसाठी ख्रिस्ती रहस्यकादंबरी: चोर पहिल्याच प्रकरणात ओळखला जातो, काय करावे?

प्रश्न: रविवारशाळेच्या बाई

सर्वांना सलाम. गेली काही वर्षे मी पुण्यातील एका मराठी मंडळीत रविवारशाळा घेते. १२ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी ख्रिस्ती घरांतली, ख्रिस्ती वातावरणातली एक रहस्यकादंबरी लिहावी असे पुष्कळ दिवस मनात घोळत होते, आणि या उन्हाळ्याच्या सुट्टीत तिचा पहिला खर्डा एकदाचा हातावेगळा केला. तो मुलांना वाचून दाखवल्यावर मात्र माझा धीर खचला आहे, म्हणून येथे लिहीत आहे.

कथा थोडक्यात अशी. पेठेतील एका जुन्या देवळातून (आमच्याकडची जुनी माणसे चर्चला अजूनही देऊळच म्हणतात, आणि पंचहौदाच्या चर्चचे नावही पवित्र नाम देवालय असेच आहे) नाताळाच्या तीन दिवस आधी प्रभुभोजनाचा (उपासनेत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) चांदीचा प्याला नाहीसा होतो. त्या रात्री तरुण संघाची मुले ढोलकी आणि पेटी घेऊन नाना पेठेपासून घोरपडीपर्यंत घरोघर नाताळची गाणी गात फिरत असतात, त्यामुळे आवारात कोण केव्हा आले आणि गेले याचा कोणालाच पत्ता नसतो. रूथ नावाची चौदा वर्षांची मुलगी आणि तिच्या वर्गातला सिद्धेश हे दोघे मिळून छडा लावतात. रूथ मनापासून प्रार्थना करते, तेव्हा तिला स्वप्नात आवारातली बुजत आलेली विहीर दिसते आणि प्याला तेथे सापडतो. चोर निघतो देवळाला रोषणाई करण्यासाठी आलेला वायरमन. नाताळाच्या सकाळी पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) व्यासपीठावरून त्याला क्षमा करतात, तो रडतो, मंडळी रडते, आणि हे सगळे पाहून सिद्धेशही प्रभूकडे वळतो.

पहिले प्रकरण वाचून संपले तेव्हाच एका मुलीने शांतपणे सांगितले, "बाई, या गोष्टीत चर्चला न येणारा मोठा माणूस एकच आहे. म्हणजे चोर तोच." बाकीच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या रविवारी शेवटचे प्रकरण वाचताना पाळकसाहेबांचा उपदेश सुरू झाला, आणि तो किती पाने चालेल यावर मागच्या बाकावरील दोघांनी पैज लावली होती, असे मला नंतर कळले. चार पाने चालला.

श्रद्धा कथेत आणायची तर ती उपदेशाच्या वाटेने न आणता कशी आणावी, हे मला कळत नाही. चोर मंडळीतलाच दाखवावा तर आमच्या पास्टोरेट कमिटीतील (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीतील) चार जण तरी "हा मीच का?" असे विचारत घरी येतील. आणि शेवटी क्षमा नसेल तर या कादंबरीला ख्रिस्ती म्हणायचे तरी कशाला, हाही प्रश्न आहेच. अनुभवी मंडळींनी स्पष्ट लिहावे, मला राग येणार नाही.

उत्तर: जुना मुद्रितशोधक

बाई, त्या मुलीने तुमचे निम्मे काम करून ठेवले आहे, तिला पुढचा खर्डाही आधी ऐकवा. तिने पुरावा पाहून चोर ओळखला नाही, तिने लेखिका ओळखली. या लेखिकेच्या हातून आपल्यातला माणूस वाईट दाखवला जाणार नाही, हे तिच्या ध्यानात आले आणि तेथेच रहस्य संपले. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. तुमच्या कथेत संन्यासी कोण आणि चोर कोण हे लेखिकेनेच आधी वाटून टाकले आहे.

इंग्लंडमध्ये रोनाल्ड नॉक्स नावाचे एक कॅथलिक धर्मगुरू होते, ते स्वतः रहस्यकथा लिहीत आणि पुढे त्यांनी बायबलचे इंग्रजी भाषांतरही केले. त्यांनी १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या आरंभीच्या भागात आलेला असावा, सापडलेला प्रत्येक धागा वाचकालाही दाखवलेला असावा, हे त्यांतले दोन. तुम्हाला अधिक उपयोगी पडेल असा आणखी एक नियम म्हणजे अलौकिक शक्तींना कथेत थारा नसावा. हे एका धर्मगुरूने लिहिले आहे, याकडे लक्ष द्या. रूथने अवश्य प्रार्थना करावी, पण प्रार्थनेनंतर तिला विहिरीचा पत्ता मिळू नये. धीर मिळावा, फार तर आपण वायरमनवर उगाच संशय घेतला याची टोचणी मिळावी. पत्ता तिने पायपीट करून काढावा. स्वप्नात उत्तर मिळाले की वाचणाऱ्या मुलाला वाटते, मग मी एवढी पाने डोके का चालवले?

आता तुमच्याच सामग्रीतून काय उभे राहते ते पाहू. चोरी ज्या रात्री झाली असे सगळे मानतात, त्या रात्री ती झालीच नव्हती, असे करून पाहा. खरा प्याला सात महिन्यांपूर्वीच गेला आहे आणि त्याच्या जागी चांदीचा मुलामा दिलेला पितळी प्याला वापरात आहे. नाताळाआधी देवळातली चांदी उजळण्यासाठी सोन्या मारुती चौकातल्या सराफाकडे जायची असते. त्याच्या तराजूत बिंग फुटणार, म्हणून खोटा प्याला "चोरीला" घालवणे भाग पडते. आता २२ डिसेंबरच्या रात्री कोण कोठे होते, या सगळ्या जबान्या खऱ्या असूनही निरुपयोगी ठरतात. विहिरीत प्याला कादंबरीच्या मध्यावरच सापडू द्या. मंडळीत आनंदीआनंद होऊ द्या, पेढे वाटू द्या. आणि मग रूथ तो पुसत असताना तिच्या बोटांना बुडाशी बारीक बारीक खळगे लागू द्या. कसबा पेठेत तांबट आळी आहे, तेथे हातोडीने ठोकून भांड्यावर जे मठारकाम करतात त्याच्या त्या खुणा. जुना प्याला आतून गुळगुळीत होता, हे पहिल्या प्रकरणात एका ओळीत, सहज, दुसऱ्याच कशाच्या तरी वर्णनात आलेले असावे.

आणखी एक धागा तुमच्या उपासनेतच आहे. वेदीवरील कापडाचा रंग काळाप्रमाणे बदलतो: आगमनकाळात (नाताळाच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात) जांभळा, नाताळात पांढरा, पेंटेकॉस्टला (ईस्टरनंतर सातव्या रविवारी येणाऱ्या सणाला) लाल. प्याला नाताळाच्या आधीच्या रविवारपर्यंत जागेवर होता हे दाखवण्यासाठी कोणीतरी एक फोटो पुढे करतो. पोलिसांच्या तक्रारीला त्याची झेरॉक्स जोडली जाते, आणि झेरॉक्समध्ये जांभळे काय आणि लाल काय, दोन्ही काळपटच दिसतात. पुढे केव्हातरी रूथ मूळ फोटो पाहते. कापड लाल आहे. पेंटेकॉस्ट १० मे ते १३ जून या मुदतीतच येतो, तेव्हा तो फोटो डिसेंबरचा असणे शक्य नाही. वेदीवरची कापडे कोणत्या रविवारी कोणती असतात हे रूथच्या आईला दर शनिवारी ती इस्त्री करावी लागतात म्हणून रूथला ठाऊक असावे. श्रद्धा कथेत कशी आणावी असे तुम्ही विचारले आहे, तर ती अशी आणावी. देवळात वाढलेल्या मुलीलाच जे दिसू शकते, त्यावरच उलगडा टेकलेला असला की वेगळ्या उपदेशाची गरज उरत नाही.

चोर म्हणून मी पेटीमास्तरांना निवडीन. मुलांचे सर्वांत लाडके, तालमीला बिस्किटे आणणारे, पत्नीच्या आजारपणात कर्जात बुडालेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे मंडळीचे व्हावे. कमिटीतले सदस्य घरी आले तर चहा द्या. कथेतले देऊळ काल्पनिक ठेवले आणि कोणाचे बोलणे, चालणे, हुद्दा जसाच्या तसा उचलला नाही, तर तुमच्याकडे द्यायला उत्तर असेल.

एक अवांतर. बाबा पदमनजींची १८५७ मधली 'यमुनापर्यटन' ही मराठीतील पहिली कादंबरी मानली जाते, म्हणजे मराठी कादंबरीचा श्रीगणेशाच (हा शब्द येथे गमतीने आला, सांभाळून घ्या) ख्रिस्ती लेखकाच्या हातून झाला आहे. तिच्यात प्रबोधनाचा हेतू उघड आहे आणि तो त्या काळाला साजेसाही होता. आजच्या पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र हेतू आधी दिसला की तो पुस्तक मिटतो.

उत्तर: वडगाव शेरीचा वाचक

मी कॅथलिक आहे. वरील उत्तर मला पटले, पण पुण्यातल्या ख्रिस्ती माणसांतच जे लहानमोठे फरक आहेत, त्यांकडे बाईंनी पाहिलेले दिसत नाही. कॅथलिक सिटी चर्चमध्ये जाणारे कुटुंब आणि प्रोटेस्टंट पंचहौदाला जाणारे कुटुंब एकाच वाड्यात राहत असले, तरी त्यांच्या हातातली पुस्तके सारखी नसतात. रहस्यलेखकाला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही.

स्तोत्रसंहितेचेच घ्या. जुन्या लॅटिन परंपरेतील क्रमांक आणि प्रोटेस्टंट बायबलमधील क्रमांक बहुतेक स्तोत्रांत एकाने चुकतात, कारण लॅटिनमध्ये नववे आणि दहावे स्तोत्र एकत्र धरले आहे. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे तुमच्याकडे २३वे स्तोत्र, तर माझ्या आजोबांच्या काळच्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकांत २२वे. आता अशी कल्पना करा की एक म्हातारे गृहस्थ घर सोडून जातात आणि उशाशी चिठ्ठीवर फक्त "स्तोत्र २२" एवढेच लिहून ठेवतात. नातवाच्या हाताशी आईकडचे प्रोटेस्टंट बायबल आहे. तो पान उघडतो आणि वाचतो, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" घरात रडारड सुरू होते, नदीकाठी शोध सुरू होतो. आजोबांनी मात्र मेंढपाळाचे स्तोत्र सांगितले होते, आणि "तो मला संथ पाण्याजवळ नेतो" या शब्दांत ते कोठे गेले आहेत ते होते. मला हे लिहितानाच स्वतः कादंबरी लिहावीशी वाटू लागली आहे, पण माझ्या हातून ती होणार नाही, तेव्हा बाईंनी खुशाल घ्यावे.

दुसरे असे की बायबलमध्येच जुन्यात जुन्या हेरकथा आहेत, आणि त्या तुमच्या बायबलमध्ये बहुधा नाहीत. दानीएलाचे पुस्तक तुमच्याकडे १२ अध्यायांचे आहे, आमच्याकडे १४. तेराव्यात दोन वडीलधारे लोक सुसान्ना नावाच्या निरपराध स्त्रीवर खोटा आळ घेतात. तरुण दानीएल दोघांना वेगवेगळे बोलावून एकच प्रश्न विचारतो: तुम्ही तिला कोणत्या झाडाखाली पाहिले? दोघे दोन वेगळ्या झाडांची नावे घेतात. चौदाव्यात बेल नावाची मूर्ती रोज रात्री नैवेद्य खाते अशी राजाची समजूत असते. दानीएल देवळाच्या फरशीवर राख पसरवतो, दार मोहोरबंद करवतो, आणि सकाळी राखेत पुजाऱ्यांची, त्यांच्या बायकांची आणि मुलांची पावले उमटलेली दिसतात. पुण्यातल्या मुलांना राख शोधायला नको, घरात रांगोळीचे पीठ असतेच. रूथने आपल्या बायबलमध्ये दानीएलाचा तेरावा अध्याय शोधावा, तो सापडू नये, आणि कोणीतरी पान फाडले आहे असे तिला वाटावे. मग एखाद्या सिस्टरनी हसून आपले बायबल पुढे करावे.

एक सावधगिरी. पापनिवेदनात, म्हणजे धर्मगुरूंजवळ दिलेल्या पापांच्या कबुलीत, ऐकलेली गोष्ट कॅथलिक धर्मगुरू कोणत्याही कारणासाठी उघड करू शकत नाही, १९८३ च्या धर्मनियमांतील ९८३व्या कलमात हे स्वच्छ लिहिले आहे. त्यामुळे चोर कोण हे ठाऊक असूनही गप्प बसावे लागणारा फादर हे कथेसाठी फार मोलाचे पात्र आहे. पण तुमच्या पाळकसाहेबांना ते बंधन तसेच्या तसे चिकटवू नका. किशोर वाचकाला फरक कळणार नाही असे समजू नये. त्याच्या आजीला तर नक्कीच कळेल.

उत्तर: जुना मुद्रितशोधक

चिठ्ठी उत्तम आहे. मात्र बाई, एका कादंबरीत एकच कुलूप आणि एकच किल्ली ठेवा. चिठ्ठी, राख, कापड, मठारकाम हे सगळे एकत्र कोंबले तर ते प्रदर्शन होईल. स्तोत्राची चिठ्ठी दुसऱ्या पुस्तकासाठी राखून ठेवा.

उत्तर: दहावीतली

मी बाईंच्या वर्गात नाही, पण माझे वय तुमच्या वाचकांचे आहे म्हणून लिहिते. फोटोच्या धाग्यात एक चूक राहिली आहे. मोबाइलवर काढलेल्या फोटोला तारीख असते, ती कोणीही दोन सेकंदांत पाहील आणि कादंबरी तेथेच संपेल. पण व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोबरोबर ती माहिती जात नाही, तेथे पाठवल्याचा दिवस दिसतो. म्हणून पेटीमास्तरांनी तो फोटो नाताळाच्या आधीच्या रविवारी व्हॉट्सॲपवर पाठवलेला असावा, आणि तोही ग्रुपवर टाकू नये. ग्रुपवर टाकला तर सगळ्या मावश्या हृदय आणि हात जोडलेले चित्र टाकतील आणि त्यांतल्या एकीला तरी लाल कापड दिसेल. फक्त सेक्रेटरींना पाठवावा आणि त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून काळी-पांढरी प्रिंट काढावी. सेक्रेटरी काका वयस्कर असले तर जास्त खरे वाटेल.

आणखी एक. रूथ आणि सिद्धेश एकमेकांशी शुद्ध मराठीत बोलत असतील तर कृपया बोलू देऊ नका.

उत्तर: निवृत्त समुपदेशक

मला फक्त शेवटाबद्दल लिहायचे आहे, कारण तेथे चूक झाली तर ती रहस्याच्या चुकीपेक्षा महाग पडते.

बाई, तुमच्या शेवटी क्षमा करणारे पाळकसाहेब आहेत, पण चोरीची झळ त्यांना एकट्याला लागलेली नाही. बायबलमधील मत्तयाच्या १८व्या अध्यायात, १५ ते १७ या वचनांत, भावाने अपराध केला तर काय करावे याचा क्रम दिला आहे: आधी एकट्याने त्याच्याकडे जाऊन त्याचा अपराध त्याला दाखवावा, त्याने ऐकले नाही तर एक-दोघांना बरोबर न्यावे, तरीही ऐकले नाही तर मंडळीला सांगावे. तुमच्या कथेत हा क्रम उलटा झाला आहे, पहिली गोष्टच भर उपासनेत चारशे लोकांसमोर घडते. क्रम सरळ ठेवला तर तुमच्या शेवटच्या तीन प्रकरणांचा आराखडा आपोआप तयार होतो, आणि पहिल्या पायरीवर रहस्यकथेला हवा असतो तो ताणही आहे. मास्तर पेटीच्या भात्याला ठिगळ लावत बसले आहेत आणि रूथ दारात उभी आहे, एवढ्या प्रसंगाला उपदेशाचे एक वाक्यही लागणार नाही.

पण येथेच मला एक शंका काढावीशी वाटते. चौदा वर्षांच्या मुलीने गुन्हा केलेल्या मोठ्या माणसाला एकटीने गाठावे, असे आपण मुलांना शिकवायचे आहे काय? प्याल्याची चोरी असेल, मास्तर ओळखीचे आणि स्वभावाने मऊ असतील, दार उघडे असेल आणि रूथची आई शेजारच्या खोलीत कापडे घडी करत असेल, तर हा प्रसंग लिहावा. अपराध मुलांना इजा करणारा असेल तर मुळीच लिहू नये. मंडळीतले प्रकरण मंडळीतच मिटवावे या समजुतीने पुष्कळ मुलांचे नुकसान झालेले मी नोकरीत पाहिले आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे (मुलांना अशा अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे आणि मदतीसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक आहे. तेथे मत्तयाचा क्रम पुढे करणे म्हणजे वचनाचा गैरवापर आहे. पुढेमागे तुम्ही त्या विषयावर लिहिलेत तर हे ध्यानात ठेवावे.

क्षमेबद्दल म्हणाल तर लूकच्या १९व्या अध्यायातील जक्कय हा जकातदार आठवा. ज्याला फसवले त्याला चौपट परत देईन, असे तो स्वतः होऊन म्हणतो. मास्तर प्याल्याची किंमत कशी फेडणार, दरमहा किती, पेटीच्या शिकवण्यांतून किती, हे कथेत आकड्यांत येऊ द्या. मुलांना हिशेब आवडतो. आणि पोलिसांत तक्रार झालेली आहे हे विसरू नका, कमिटीने क्षमा केली म्हणून ती तक्रार विरघळत नाही.

राहिला तुमचा वायरमन. त्याला चोर न ठेवता संशयित ठेवाल, असे मी धरून चालतो. त्याचे सामान तपासले गेले असेल, त्याची मजुरी अडवली गेली असेल. त्याची माफी मागायला कोण जाणार? मास्तरांना क्षमा करणे मंडळीला सोपे जाईल, ते आपलेच आहेत. खरी परीक्षा या दुसऱ्या दारात आहे आणि तुमच्या खर्ड्यात ते दारच नाही.

उत्तर: मोडीवाचक

मी ख्रिस्ती नाही. जुने दस्तऐवज वाचणे हा माझा नाद आहे आणि ही चर्चा त्यासाठीच वाचू लागलो होतो, पण सिद्धेशबद्दल कोणीच काही बोलले नाही, म्हणून लिहितो.

बाई, माझ्यासारखा वाचक सिद्धेशच्या खांद्यावर बसून तुमच्या कथेत शिरतो. दृढीकरण म्हणजे काय, आगमनकाळ म्हणजे काय, हे तो विचारतो आणि मला कळते. शेवटच्या पानावर तो धर्म बदलतो तेव्हा मला वाटते की हे दार आत घेण्यासाठीच उघडे ठेवले होते. तुमचा हेतू तसा नसेलही, पण माझ्या घरात ते पुस्तक माझी बहीण आपल्या मुलाला देणार नाही. सिद्धेशला त्याच्या घरच्या गणपतीसकट राहू द्या आणि त्याला खरे काम द्या.

काय काम, तेही सुचवतो. त्या काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये वेदीवर फुलदाणी असेलच. तिच्यात मोगरा असू द्या. सिद्धेशची आई मंडईबाहेर गजरे विकत असेल, तर डिसेंबरात मोगरा कोठून आला हा प्रश्न त्यालाच पडेल. तो उन्हाळ्याचा बहर आहे. रंग दिसत नाही, पण कळीचा आकार दिसतो. म्हणजे आधी सिद्धेशला शंका येते, मग रूथ मूळ फोटो मिळवते आणि तिला लाल कापड दिसते. एक खूण देवळाबाहेरच्या मुलाला कळली, एक आतल्या मुलीला.

पुण्यात हिंदू आणि ख्रिस्ती यांच्या अशा मिश्र बैठकीचा इतिहासही रहस्यकथेला शोभेल असा आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या कार्यक्रमात रानडे, टिळक, गोखले यांच्यासह शहरातील बरीच प्रतिष्ठित मंडळी गेली होती. तेथे चहा दिला गेला, आणि ख्रिस्ती लोकांकडचा चहा पिणे तेव्हा सनातनी हिंदूंना निषिद्ध वाटे. नंतर उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि गावभर एकच प्रश्न उरला: चहा कोण प्यायले आणि कोणी पेला नुसताच समोर ठेवला? प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. पेले, यादी, साक्षी, सगळे तयार आहे. या कादंबरीत नको, पण रूथच्या शाळेत एखाद्या शिक्षकाने ही हकिगत सांगितली तर शहर कथेत येईल.

आणि पुढे कधी जुन्या नोंदवहीचे फाटलेले पान वापरायचे असेल तर एक गोष्ट उपयोगी पडेल. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे चर्चमध्ये लागलेल्या लग्नाच्या नोंदीची प्रत सरकारकडे पाठवावी लागते. देवळातले पान फाडणाऱ्याला हे माहीत नसते.

प्रश्नकर्तीचे उत्तर: रविवारशाळेच्या बाई

सर्वांची मी ऋणी आहे. समुपदेशक सर, वायरमनबद्दलचा आपला प्रश्न वाचून मी वही मिटून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ परत आले नाही. आमच्याच देवळात काही वर्षांपूर्वी एक पंखा चोरीला गेल्याची बोंब झाली होती. संशय ज्या माणसावर गेला त्याने पुन्हा आमच्याकडे काम घेतले नाही, आणि पंखा माळ्यावर सापडला तेव्हा त्याच्याकडे कोणी गेले नाही. मीही गेले नाही. कदाचित म्हणूनच खर्ड्यात मला तोच चोर सोयीचा वाटला असावा.

मोडीवाचकांचा आक्षेप मला आधी झोंबला, कारण सिद्धेशचा शेवट मी मनापासून लिहिला होता. मी स्वतः विश्वास ठेवते ते लपवून लिहिणार नाही, रूथही लपवणार नाही. पण सिद्धेश तिचा मित्र आहे आणि गोष्ट संपल्यावरही त्याने तिचा मित्रच राहावे, एवढे मी कबूल करते. मोगरा घेतला आहे.

वडगाव शेरीच्या दादांची चिठ्ठी जपून ठेवली आहे. दहावीतल्या मुलीच्या सांगण्याप्रमाणे फोटो आता सेक्रेटरी काकांनाच जातो, आणि रूथ-सिद्धेश यांचे संवाद मी माझ्या भाच्याकडून तपासून घेणार आहे.

गेल्या रविवारी नवे पहिले प्रकरण मुलांना वाचून दाखवले. वायरमन आहे, पेटीमास्तर बिस्किटांचा पुडा घेऊन तालमीला येतात, रूथची आई जांभळ्या कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवते, आणि जुना प्याला किती गुळगुळीत आहे ही ओळ पाळकसाहेबांच्या चष्म्याच्या वर्णनात घातली आहे. वाचून झाल्यावर मी त्या मुलीकडे पाहिले. ती काही बोलली नाही. चिठ्ठीवर एक नाव लिहून तिने ती घडी केली, आपल्या बायबलमध्ये ठेवली आणि म्हणाली, "शेवटचे प्रकरण झाले की उघडू." पाळकसाहेबांचे नाव असावे असा माझा अंदाज आहे, कारण उपासना सुटल्यावर ती त्यांच्या कपाटाच्या किल्ल्या मोजत होती.